रापणीला मुकादम का लागत नाही?

तीस-चाळीस माणसं एकाच दोराला लागलेली असली, की त्यांतला कोण जीव लावून ओढतोय आणि कोण नुसता हात टेकवून उभा आहे, हे कळायचं कसं? दोर ही वस्तूच अशी, की तिच्यात सगळ्यांचं बळ मिसळून जातं. कुणाचं किती, हे दोर सांगत नाही. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, वायरीला, तारकर्ली-देवबागला किंवा आचरा-तळाशीलच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असताना हे नीट बघावं. हजेरीपट नसतो, भोंगा नसतो, मागे उभा राहून ओरडणारा मुकादम नसतो. एखादा मध्येच येऊन दोराला लागतो, एखादा दोर सोडून आपल्या कामाला निघून जातो. आणि तरीही शेकडो मीटर लांबीचं जाळं, त्यातल्या पाण्याचा आणि मासळीचा भार घेऊन, किनाऱ्याला येतं. पिढ्यानपिढ्या येत आलं आहे.

हे साधं वाटतं, पण साधं नाही. माणसांवर विश्वास टाकला, येण्याजाण्याची मोकळीक दिली, तर ती जास्त काम करतात की अंग चोरतात, या प्रश्नावर आज जगभरातल्या कंपन्या डोकं खपवत आहेत. कुणी कर्मचाऱ्याच्या संगणकावर नजर ठेवणारी यंत्रणा बसवतं, कुणी घरून काम करायची मुभा देतं आणि वर्षभराने काढून घेतं. पण या प्रश्नाचा शास्त्रीय शोध सुरू झाला तो दोर ओढण्यापासूनच, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो.

माक्स रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच शेतकी अभियंता होता. शेतातली ओझी ओढायला माणूस, बैल आणि यंत्र यांच्यापैकी कोण किती उपयोगी, हे त्याला मोजायचं होतं. १८८२ ते १८८७ या काळात त्याने माणसांना एकेकटं आणि गटाने ओढायला लावलं, ओढ मोजणारं उपकरण लावून आकडे टिपले. ते छापून आले थेट १९१३ साली. आकडे चमत्कारिक होते. एकट्या माणसाचं बळ शंभर धरलं, तर दोघं लागल्यावर प्रत्येकाचं त्र्याण्णव भरत होतं, तिघं लागल्यावर पंच्याऐंशी. आठ जण झाले, की प्रत्येकाचं बळ जेमतेम निम्म्यावर आलेलं! म्हणजे आठ माणसं मिळून चार माणसांचं काम करत होती.

रिंगेलमानला वाटलं, याचं मुख्य कारण ताल चुकणं. सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, म्हणून बळ वाया जातं. पटण्यासारखं आहे. पण १९७४ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती केली. ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला दोराच्या सगळ्यात पुढच्या जागी उभं केलं आणि त्याच्या मागे आपली माणसं उभी केली. ही मागची माणसं ओढत नव्हतीच, नुसता कण्हण्याकुंथण्याचा आवाज काढत होती. दोरावर खरा हात एकाचाच, तेव्हा ताल चुकायचा प्रश्नच नव्हता. तरीही आपल्यामागे आणखी माणसं आहेत असं वाटताच त्या एकट्याची ओढ ढिली पडली. म्हणजे बळ तालात हरवतं ते काही प्रमाणात. बाकीचं मनातच गळून जातं. पुढे १९७९ साली बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरडण्याच्या आणि टाळ्या वाजवण्याच्या प्रयोगांतून हेच दाखवलं. आपल्याकडे त्याला साधा शब्द आहे, अंग चोरणं.

आता रापणीकडे या. दोर तोच, माणसं आठाच्या कितीतरी पट. रिंगेलमानचा हिशेब खरा मानला तर रापण कधीच किनाऱ्याला लागायला नको. मग ती लागते कशी?

त्यासाठी रापण जवळून बघायला हवी. जाळं होडीत नीट रचलेलं असतं. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात निघते, अर्धगोल घेत जाळं पाण्यात सोडत जाते आणि बऱ्याच अंतरावर दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन पुन्हा किनाऱ्याला येते. जाळ्याची वरची कड तरंगती राहावी आणि खालची कड तळाच्या वाळूला टेकून सरकावी, अशी त्याची बांधणी. मग किनाऱ्यावर दोन रांगा लागतात, प्रत्येक दोराला एक. ओढणारे तोंड समुद्राकडे ठेवून मागे मागे सरकतात. सगळ्यात मागचा माणूस वाळूत वर पोचला, की दोर सोडतो, सगळ्या रांगेच्या कडेने चालत पाण्यापर्यंत येतो आणि तिथं पुन्हा दोर धरतो. त्याच्यामागोमाग दुसरा, मग तिसरा. थोड्या वेळाने तुमच्या लक्षात येतं, की या रांगेत कायमचा पहिला कुणी नाही आणि कायमचा शेवटचा कुणी नाही. लपायला जागाच नाही! प्रत्येकजण आलटून पालटून सगळ्यांच्या नजरेसमोरून जातो. कुणी मुद्दाम ठेवलेली ही पहाऱ्याची व्यवस्था नव्हे. दोर लांब आणि पुळण अरुंद, म्हणून ती आपसूक घडलेली आहे.

दुसरी गंमत जाळ्यात आहे. एका बाजूने फार जोर लावला आणि दुसरी बाजू मागे राहिली, तर जाळं तिरकं होतं. खालची कड वाळूवरून उचलली गेली, तर मासळी तिच्याखालून निसटते. म्हणजे इथं आळशी माणूस जितकं नुकसान करतो, जवळजवळ तितकंच नुकसान आपलं एकट्याचं बळ दाखवणारा पैलवानही करतो. हवा असतो तो मेळ. दोन रांगा एकमेकींकडे बघत, एकमेकींच्या चालीने ओढतात आणि जाळं जसं जवळ येतं तशा एकमेकींच्या दिशेने सरकत जातात. वाळूत रुतलेल्या टाचा, ओला दोर, हातांना बसलेले घट्टे, आणि मध्येच कुणीतरी रिकाम्या उभ्या राहिलेल्या पोराला हाक मारतो, “दोराक हात लाव रे बाबा!” एवढीच काय ती ताकीद.

तांडेल असतो, पण त्याचं काम वेगळं. पाण्याचा बदललेला रंग, वर घिरट्या घालणारे पक्षी, पाण्यावर उठलेली चुळबुळ यांवरून मासळी कुठं आहे हे ओळखायचं, वारा आणि भरती-ओहोटी पाहून जाळं कधी आणि कुठं टाकायचं ते ठरवायचं. हा निर्णय तो घेतो आणि सगळे तो मानतात. कोण किती ओढतंय हे मात्र तो मोजत बसत नाही. ज्या गोष्टीत त्याची जाण इतरांपेक्षा खरोखर जास्त आहे, तिथंच त्याचा शब्द चालतो. ज्यांनी कुठल्याही ऑफिसात नोकरी केली आहे, त्यांना या फरकाची किंमत समजेल.

आणि मग वाटा. जाळं किनाऱ्याला लागलं, की बांगडे, तारल्या, पेडवे, सौंदाळे, नशीब जोरावर असेल तर इसवण, असं जे काही असेल ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळूवर येतं. बायका पाट्या घेऊन आलेल्या असतात. निवडणं, भाव ठरवणं, बाजारात नेऊन विकणं यांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. काही ठिकाणी मासळीचेच वाटे पडतात, काही ठिकाणी किनाऱ्यावरच लिलाव होऊन पैशांचे. होडीचा आणि जाळ्याचा वाटा वेगळा निघतो, बाकीचे माणसी वाटे. नुसता मदतीला हात लावलेल्यालाही कालवणापुरती मासळी मिळते. वाट्यावरून वाद होत नाहीत असं मुळीच नाही, चांगले कडाक्याचे होतात. पण ढीग समोर असतो. किती गावलं आणि कुणाला किती गेलं, हे कुणालाही दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागत नाही.

ही शेवटची गोष्ट किती मोलाची आहे, हे मला ओडिशात झालेल्या एका अभ्यासामुळे उमगलं. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या तीन अर्थतज्ज्ञांनी तिथल्या ३७८ कामगारांना महिनाभर काम दिलं. लहान लहान गट केले. काही गटांत सगळ्यांना सारखी मजुरी, काही गटांत कमी-जास्त. जिथं कुणी किती काम केलं हे एकमेकांना दिसणं अवघड होतं, तिथं मजुरीतला फरक कामगारांच्या मनाला लागला. उत्पादन घसरलं आणि हजेरी तर १८ टक्के बिंदूंनी खाली आली. हे कामगार रोजच्या कमाईवर जगणारे. कामाला न येणं म्हणजे आपल्याच पोटाला चिमटा, तरी ते आले नाहीत. पण जिथं जास्त मजुरी घेणारा खरोखरच जास्त काम करतो हे डोळ्यांना दिसत होतं, तिथं त्याच फरकाचा काही परिणाम झाला नाही. ना कामावर, ना हजेरीवर, ना आपसांतल्या संबंधांवर. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कामावरचं मन उडतं कशाने, याचं इतकं स्पष्ट उत्तर क्वचित मिळतं. कमी मिळाल्याने जेवढं उडत नाही, तेवढं का कमी मिळालं हे न कळल्याने उडतं. रापणीत तांडेलाला थोडं जास्त गेलं म्हणून कुणी दोर टाकून जात नाही, त्याचं मर्म हेच असावं.

अंग चोरण्यावरचे अठ्ठ्याहत्तर अभ्यास एकत्र करून स्टीव्हन कराऊ आणि किपलिंग विल्यम्स यांनी १९९३ साली एक आढावा मांडला. माणसं गटात अंग कधी चोरत नाहीत? आपला सहभाग इतरांना दिसतो तेव्हा. बरोबरची माणसं ओळखीची असतात तेव्हा. कामाला आपल्या लेखी अर्थ असतो तेव्हा. आणि आपल्या हातावाचून काहीतरी अडेल असं वाटतं तेव्हा. रिंगेलमानच्या प्रयोगातल्या माणसांकडे यातलं फारसं काही नव्हतं. ओढून मिळवायचं काय, तर उपकरणावरचा एक आकडा. दांडीच्या किनाऱ्यावरच्या गाबीत मच्छीमाराकडे हे सगळं आहे. रांगेत त्याचा चुलता आहे, शेजारी आहे, ज्याच्या होडीला काल त्याने हात दिला तो आहे, आणि जाळ्याच्या पोटात त्याची संध्याकाळ आहे.

इथं एक शंका येते. कोकणातली माणसंच एकोप्याची, म्हणून हे जमतं का? कोकणातल्या जमिनीच्या वादांची कीर्ती ज्याने ऐकली आहे, तो हे म्हणणार नाही. बांधावरून दोन-दोन पिढ्या कोर्टात जाणारी घरं याच किनाऱ्यावर आहेत. मग तीच माणसं दोराला लागल्यावर वेगळी कशी वागतात?

याचं उत्तर ब्राझीलमधून आलं आहे. तिथं मच्छीमारांची दोन गावं अशी आहेत, की एक समुद्राकाठी आणि दुसरं जवळच्याच तळ्याकाठी. समुद्रावर मोठ्या होड्या लागतात, तिथं गटानेच जावं लागतं. तळ्यावर छोट्या होडीतून ज्याची त्याची मासेमारी. युरी ग्नीझी, आंद्रेआस लाइबब्रांट आणि जॉन लिस्ट यांनी दोन्हीकडच्या मच्छीमारांना खरे पैसे देऊन विश्वासाचे आणि सहकार्याचे खेळ खेळायला लावले. समुद्रावरचे मच्छीमार एकमेकांवर जास्त विश्वास टाकतात, सामाईक कामात जास्त घालतात आणि एकमेकांशी मेळ राखून काम करायलाही त्यांना जास्त जमतं, असं दिसलं. मुलूख एक, धंदा एक. फरक फक्त काम एकट्याने करायचं की मिळून, एवढाच.

असाच एक अभ्यास इंडोनेशियातल्या लेम्बाटा बेटावर, लामालेरा गावात झाला. तिथले लोक मोठ्या होड्यांतून देवमाशाची शिकार करतात. एकट्याने हे शक्यच नाही, आणि शिकारीचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात. संशोधकांनी तिथं असा खेळ मांडला, की एकाने एक रक्कम दुसऱ्याशी वाटून घ्यायची. दुसऱ्याला वाटणी पटली नाही तर दोघांच्याही हाती काही नाही. पैशाने जुगार वाटेल म्हणून लामालेरात सिगारेटची पाकिटं वापरली. इथल्या लोकांनी समोरच्याला सरासरी निम्म्याहून जास्त देऊ केलं! पेरू देशातल्या जंगलात आपापल्या कुटुंबापुरती शेती करणाऱ्या मात्सिगेन्का लोकांत हेच प्रमाण पावभर, म्हणजे साधारण एक चतुर्थांश होतं. जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी पंधरा समाजांत हा खेळ खेळून २००१ साली निष्कर्ष मांडले, त्यातून दिसलं ते हे, की रोजचं पोट भरायला जितकी इतरांची गरज लागते तितकी माणसं वाटणीत सढळ होतात.

हे वाचल्यापासून माझी या विषयाकडे बघायची दिशाच बदलली. आपण समजतो, आधी विश्वासू माणसं शोधावीत, मग त्यांना मोकळीक द्यावी. इथं उलटंच दिसतं. काम ज्या रीतीने मांडलेलं असतं, त्यातून माणसं विश्वासू होत जातात. बांधावर भांडणारा माणूस दोरावर भरवशाचा ठरतो, कारण बांधाची मांडणी त्याला शेजाऱ्यापासून तोडते आणि दोराची मांडणी शेजाऱ्याशी जोडते.

याच किनाऱ्यावरची माणसं दुसऱ्या एका मांडणीतही वर्षानुवर्षं राबली. मालवण, वेंगुर्ला, देवगडकडची किती घरं मुंबईच्या गिरणगावावर जगली! परळ-लालबागच्या गिरण्यांत भोंग्यावर दिवस सुरू व्हायचा. तिथं लवचीकपणा नव्हता असं नाही. भरपूर होता, फक्त तो मालकाच्या बाजूचा होता. त्याचं नाव बदली. बदली कामगाराने सकाळी गिरणीच्या दारात येऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर त्या जागी काम मिळायचं, नाहीतर तसंच घरी परत. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघटनेने या पद्धतीला नियमांत बसवलं. किती जण कधी लागतील ते मालक ठरवणार आणि रिकाम्या दिवसाची झळ कामगार सोसणार.

गणपतीला, शिमग्याला, भातकापणीला कोकणी कामगार गावी पळतो, ही मालकांची तक्रार जुनी. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावावरच्या आपल्या १९९४च्या ग्रंथात ही तक्रार उलटी करून दाखवली. गाव हा कामगाराचा अडसर नव्हता, आधार होता. काम नसलेल्या दिवसांत, आजारपणात, संपात तोच त्याला तगवून धरायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा कोकणातली कितीतरी घरं चाकरमान्यांनी पुन्हा भरली. म्हणून मला वाटतं, कामातल्या लवचीकपणाची कुणी तारीफ करू लागलं की आधी एवढंच विचारावं, रिकाम्या दिवसाचा भुर्दंड कुणावर? रापणीत जाळं रिकामं आलं तर ते सगळ्यांचंच रिकामं. होडीवाल्याचंही. आजच्या घरपोच सेवा देणाऱ्या मुलांना ‘तुमच्या वेळेनुसार काम करा’ असं सांगणाऱ्या कंपन्यांचा हिशेब यांतल्या कुठल्या बाजूला बसतो, हे वाचकांनी आपल्या गल्लीतल्या एखाद्या मुलाशी बोलून बघावं.

देखरेखीने काय होतं, याचाही एक नेटका प्रयोग आहे. आर्मिन फाल्क आणि मिखाएल कॉसफेल्ड यांचा, २००६ सालचा. एकाकडे १२० गुण. त्यातले किती द्यायचे ते त्याने ठरवायचं, जे देईल ते दुप्पट होऊन ‘मालका’ला मिळणार. मालकाला दोन पर्याय. एक तर समोरच्यावर सोडून द्यायचं, किंवा ‘किमान इतके तरी दिलेच पाहिजेत’ अशी अट घालायची. अट अगदी छोटी, पाच, दहा किंवा वीस गुणांची. हिशेबाने बघितलं तर अट घालण्यात मालकाचं काहीच जाऊ नये. पण अट घातल्यावर बहुतेकांनी आधी दिले असते त्यापेक्षा कमी दिले. ‘माझ्यावर भरवसा नाही ना, मग घे अटीपुरतं.’ शाळेतल्या शिक्षकापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत कुणालाही ही भावना नव्याने समजावून सांगावी लागणार नाही. देखरेख ठेवणाऱ्याला मात्र ती दिसत नाही, कारण त्याच्या कागदावर अट पूर्ण झालेली असते.

आणि मोकळीक दिल्यावर? शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१०च्या शेवटी आपल्या फोनवर बुकिंग घेणाऱ्या विभागात एक प्रयोग केला. घरून काम करायला जे राजी होते, त्यांच्यातले ज्यांच्या जन्मतारखेचा आकडा सम, त्यांना आठवड्यातले चार दिवस घरून काम. विषम आकड्यावाल्यांनी पूर्वीसारखं ऑफिसात यायचं. नऊ महिने हे चाललं. स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी सहकाऱ्यांसह आकडे तपासले. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं होतं. त्यातली बरीचशी वाढ सुट्ट्या आणि आजारपणं कमी झाल्यामुळे, मधली विश्रांती आटोपशीर झाल्यामुळे. उरलेली शांततेत मिनिटाला जास्त फोन घेता आल्यामुळे. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

मला यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. प्रयोग संपल्यावर कंपनीने सगळ्यांना सांगितलं, घर की ऑफिस, तुमचं तुम्ही ठरवा. घरून काम करणाऱ्यांतले जवळजवळ निम्मे ऑफिसात परतले! एकटं पडल्यासारखं वाटत होतं, बढतीच्या वेळी साहेबांच्या डोळ्यांसमोर नसण्याचा तोटाही होत होता. पण असं ज्याला जे मानवेल ते निवडू दिल्यावर फायदा १३वरून २२ टक्क्यांवर गेला. घर श्रेष्ठ की ऑफिस, या वादापेक्षा निवड कुणाच्या हाती, हा प्रश्न मोठा ठरला. रापणीवर ही निवड रोज सकाळी होते. पर्यटनाच्या हंगामात एखादा तरुण दोन दिवस पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी घेऊन जातो, तिसऱ्या दिवशी दोराला लागतो. ज्या दिवशी तो लागला त्या दिवसाचा वाटा त्याचा. नव्हता त्या दिवसाचा जाब कुणी विचारत नाही.

इतकं सगळं जमून आलेली ही रीत आज अडचणीत आहे, आणि तिची अडचण माणसांच्या स्वभावात नाही. रापण किनाऱ्याजवळच्या पाण्यावर जगते. मासळीचा थवा तिथपर्यंत पोचला तरच जाळ्यात येणार. खोल पाण्यात पर्ससीन नौका अख्खा थवाच्या थवा गोल जाळ्यात आवळून उचलतात, रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा केली जाते. शेजारच्या कर्नाटकात १९७५-७६च्या सुमारास पर्ससीन आली आणि तिथली रंपणी, म्हणजे रापणीचीच बहीण, बघता बघता मागे पडली. गोव्यात त्याच दशकात रांपणकारांनी यांत्रिक नौकांविरुद्ध मोठं आंदोलन उभारलं. महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारीचा कायदा झाला. ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांची मुभा राहिली, २०१७ साली केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली आणि २०२१ साली राज्याच्या कायद्यातला दंड वाढला. मालवणचे पारंपरिक मच्छीमार या प्रत्येक टप्प्यावर भांडत आले आहेत, मोर्चे काढत, निवेदनं देत, प्रसंगी समुद्रात समोरासमोर उभे राहत. त्यांचं म्हणणं एका वाक्यात मावतं: नियम कागदावर आहेत, ते पाण्यावर दिसू द्या.

यात एक गोष्ट मला अस्वस्थ करते. रापणीतला विश्वास ज्या गोष्टींवर उभा आहे, त्या सगळ्या रापणकरांच्या हातातल्या आहेत, एक सोडून. रांगेत फिरत राहणं, डोळ्यांदेखत वाटा, ओळखीची माणसं, तांडेलाचा मान, ज्याची त्याची सवड, हे सगळं ते सांभाळतात. मासळी मात्र त्यांच्या हातात नाही. जाळं एकदा रिकामं आलं तर कुणी खचत नाही, समुद्राचा तो स्वभावच आहे. पण महिनोन्‌महिने थोडंच गावत राहिलं, तर वाट्याला येणारं इतकं कमी होतं की दोराला लागण्यापेक्षा पणजीला किंवा मुंबईला जाणं परवडतं. मग रांगेतली ओळखीची माणसं घटतात. त्यांची जागा रोजावर आणलेल्या माणसांनी भरावी लागली, की मासळी आली काय, न आली काय, त्यांचा रोज ठरलेला असतो, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी नेमावं लागतं. किनाऱ्यावर मुकादम येईल तो असा, कुणी वाईट वागल्यामुळे नव्हे.

म्हणून किनाऱ्याजवळचं पाणी राखून ठेवण्याची रापणकरांची मागणी मला नुसती मासळीची वाटत नाही. एका जाळ्याला चाळीस माणसं विनातक्रार लागू शकतात, ही किमया कंपन्या लाखो रुपये मोजून सल्लागारांकडून शिकू पाहतात. ती सिंधुदुर्गाच्या १२१ किलोमीटर किनाऱ्यावर फुकट चालू आहे. तिला लागतं ते एवढंच, की नियमाने बंद असलेल्या महिन्यांत पर्ससीन नौका पाण्यात दिसली, तर मत्स्यव्यवसाय खात्याची गस्ती नौका त्याच रात्री तिथं पोचावी.